पुढचा एक्सल नवा बांधला. डावं हब तापतंय, ब्रेकला गाडी उजवीकडे जाते

कांदाएक्स्प्रेस

मंडळी, डोकं चालेनासं झालं म्हणून इथे लिहितोय.

गाडी टाटा १६१३. हवेचे ब्रेक, हाताने अ‍ॅडजस्ट करायचे साधे स्लॅक (ब्रेकची ढिलाई काढायचे अ‍ॅडजस्टर). वडिलांनी सेकंडहँड घेतलेली, आता मी बघतो. निफाड-लासलगाव पट्ट्यातून वाशीला कांदा, येताना मिळेल तो माल. महिन्यात सात-आठ वेळा कसारा घाट उतरावा लागतो, त्यामुळे ब्रेकशी मस्करी परवडत नाही.

स्टिअरिंग जड झालं होतं, आणि जॅकवर घेऊन चाक वर-खाली हलवलं की किंगपिन (पुढचं चाक ज्याभोवती वळतं तो उभा दांडा) खडखड वाजायची. म्हणून पुढचा एक्सल पूर्ण उघडला. किंगपिन, बुश, थ्रस्ट बेरिंग, दोन्ही हबांची (चाकाच्या मधल्या तुंब्यांची) आतली-बाहेरची बेरिंगं, सील, ब्रेकचे लायनर (ड्रमला घासणारं अस्तर), सगळं नवं टाकलं. काम ओळखीच्या गॅरेजात.

पहिल्याच फेरीला घोटी टोलजवळ चहाला थांबलो. सवयीने डाव्या हबच्या टोपीला हात लावला तर चटका बसला. उजवं नुसतं कोमट. मिस्त्री फोनवर म्हणाले, "नवीन माल आहे, बसेल." परत आल्यावर डावं चाक हलवून बघितलं तर बारीकसा प्ले, म्हणजे ढिलेपणा. त्यांनी नट आवळून दिला. पुढच्या फेरीला पुन्हा गरम. आणि आता ब्रेक लावला की गाडी उजवीकडे खेचते, शिवाय डाव्या रिमच्या आतून ग्रीसचे ओघळ आलेत.

नट गच्च आवळलेला असताना प्ले येतोच कसा? आणि तापतंय ते बेरिंग की ब्रेक?

स्टेपनी

कांद्याचे भाव ऐकून तापलं असेल.

जुनापाना

स्टेपनी, तुझं नेहमीचंच. बाळा कांदाएक्स्प्रेस, पहिली गोष्ट, गाडी उभी कर. ग्रीस लायनरवर गेलंय आणि तू घाट उतरायचं म्हणतोस. भाडं गेलं तर गेलं.

आता बेरिंग का ब्रेक. सोपं आहे. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लाव. पुढचा एक्सल उचल आणि बीमखाली घोडी (स्टँड) लाव, नुसत्या जॅकवर आत हात घालायचा नाही. चाक हाताने फिरव. जड जातंय? मग त्या बाजूचा स्लॅक पूर्ण ढिला कर आणि पुन्हा फिरव. मोकळं झालं तर लायनर घासत होता. तरीही जड असेल, नाहीतर फिरताना घरघर हाताला लागत असेल, तर बेरिंग.

प्लेचंही तसंच. चाक वर-खाली हलवताना दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांग. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर तो हबच्या बेरिंगचा. दाबूनही राहिला तर किंगपिनचा. ही परीक्षा न करता किंगपिन बदललेल्या गाड्या मी चाळीस वर्षांत किती बघितल्या विचारू नकोस.

डायलगेज

काकांशी सहमत. एक भर: हात लावून "चटका बसला" म्हणण्यापेक्षा इन्फ्रारेड थर्मामीटर घे, फार महाग नाही. एकाच जागी, एकाच वेळी दोन्ही बाजू मोज. हबची टोपी आणि ड्रमची कड वेगवेगळी मोजायची. टोपी गरम आणि ड्रम त्यामानाने थंड असेल तर उष्णता बेरिंगमधून येतेय. ड्रम लालेलाल आणि टोपी नंतर हळूहळू तापत असेल तर ब्रेकचा शू (ज्यावर लायनर बसतो तो) ड्रमला चिकटून बसतोय. घाट उतरल्या उतरल्या मोजू नकोस, तेव्हा ड्रम सगळ्यांचेच तापलेले असतात. सपाट रस्त्यावर, ब्रेक फारसा न मारता वीसेक किलोमीटर झाले की मोज.

बाकी प्रश्न: नट आवळला म्हणजे नक्की कसा आवळला?

कांदाएक्स्प्रेस

काका, गाडी दारात उभी केली. भाड्याला चुलतभावाची गाडी पाठवली.

परीक्षा केल्या. स्लॅक ढिला करूनही डावं चाक जड, आणि एका जागी आलं की किंचित अडखळतं. ब्रेक दाबला की प्ले जातो. म्हणजे बेरिंग.

डायलगेज दादा, नट आवळला म्हणजे पान्याला चार फुटी पाइप लावून, मिस्त्री आणि त्यांचा पोऱ्या दोघांनी लोंबकळून. मग नट फिरू नये म्हणून लॉकची पत्ती वाकवली.

डायलगेज

झालं. ते चाकाचे नट नव्हेत रे! टेपर बेरिंगच्या नटाचं काम दाबून ठेवणं नाही, जागा ठरवणं आहे. जोरात आवळलं की रोलरांच्या टोकांवर नको तो दाब येतो, ग्रीसचा थर फाटतो, लोखंडाला लोखंड लागतं. त्याची उष्णता तू बोटाने मोजलीस.

पण एक गोष्ट पटत नाही. इतका आवळलेला नट असताना प्ले आला. नट मागे फिरला नसेल, पत्ती वाकवलेली आहे. म्हणजे आतलं काहीतरी *सरकलं*. माझा अंदाज, कप (हबात ठोकून बसवतात ती बेरिंगची बाहेरची रिंग) पूर्ण बसलेला नव्हता. हब उघडल्याशिवाय कळणार नाही.

पुशरॉड

मी कॅनडात, ओंटारिओमध्ये ट्रक चालवतो. मूळचा बार्शीचा. हब तापण्याचं दोघांनी सांगितलंच आहे, पण गाडी उजवीकडे खेचते त्यासाठी पुशरॉडचा (ब्रेकच्या हवेच्या चेंबरमधून बाहेर येऊन स्लॅकला ढकलणाऱ्या दांड्याचा) स्ट्रोक मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. इथे लायसन्सवर एअर ब्रेकचं वेगळं एंडोर्समेंट काढावं लागतं आणि त्याच्या अभ्यासात ही गोष्ट घोटून घेतात.

ब्रेक सोडलेला असताना पुशरॉडवर चेंबरच्या तोंडाशी खडूने खूण करा. टाकीत ६ ते ७ बार हवा भरा, इंजिन बंद करा, एकाने ब्रेक पूर्ण दाबून धरायचा. खूण किती बाहेर आली ते मोजा. चेंबरचा नंबर त्याच्यावरच असतो. २४ नंबरच्या साध्या चेंबरला ४४ मिमीच्या वर गेलं की इथे अ‍ॅडजस्टमेंटबाहेर धरतात.

कारण असं: २४ नंबर म्हणजे २४ चौरस इंच पडदा. १०० पीएसआयला (म्हणजे ७ बारच्या आसपास) साधारण ११०० किलो जोर. पण तो जोर स्ट्रोकच्या शेवटच्या टप्प्यात पटकन ओसरतो. डावा चेंबर शेवटाला टेकलेला आणि उजवा निम्म्यावर, तर पॅडल एकच असलं तरी उजवं चाक आधी धरणार. गाडी नेहमी जोरात धरणाऱ्या बाजूला जाते.

कांदाएक्स्प्रेस

मोजलं. चेंबर दोन्हीकडे २४. उजवा ३९ मिमी, डावा ५३.

पुशरॉड

५३ म्हणजे जवळपास टेकलाच. लायनर नवे असताना इतका फरक आपोआप पडत नाही. डाव्या स्लॅकला कोणी हात लावला होता?

कांदाएक्स्प्रेस

अरे हो! विसरलोच सांगायला. पहिल्यांदा गरम झालं तेव्हा मिस्त्री म्हणाले होते ब्रेक घासत असेल, आणि डावा स्लॅक चांगला अर्धा-पाऊण फेरा मागे घेतला होता. नंतर नट आवळला, पण स्लॅक तसाच राहिला.

जुनापाना

हे बघ. दुखणं बेरिंगला आणि औषध ब्रेकला. वरून त्यात ग्रीस. डावी बाजू दोन्हीकडून मेली, मग गाडी उजवीकडे जाणारच. आता हब उघड आणि काय दिसतं ते इथे लिही. ग्रीस पुसून टाकण्याआधी नीट बघ. पुसल्यावर पुरावा जातो.

लायनरवाली

कोल्हापुरात आमचं ब्रेक लायनिंगचं दुकान आहे, बाबांनी सुरू केलेलं. ग्रीस लागलेल्या लायनरबद्दल सांगते. ते लायनर आता गेले. डिझेलने धुऊन, पुसून, परत बसवू नका. लायनर ग्रीस आत शोषतो. थंड असताना कोरडा दिसतो आणि घाटात तापला की परत पाझरतो. बदलताना एका बाजूचे बदलू नका, एक्सलचे चारही शू एकाच मालाचे घ्या. डावीकडे एक कंपनी, उजवीकडे दुसरी, मग स्लॅक कितीही जुळवा, गाडी सरळ थांबत नाही.

आणि ड्रम साफ करताना हवा मारू नका. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, आणि कोणत्या गाडीत काय निघेल सांगता येत नाही. ओल्या ब्रशने काढा, तोंडाला मास्क लावा. बाबांचा खोकला बघितलाय म्हणून सांगते.

स्टेपनी

आमच्याकडे वाडीला ट्रान्सपोर्टनगरात ब्लोलॅम्प मारून ग्रीस जाळतात. धूर निघायचा थांबला की लायनर तयार. दोन-तीन महिने चालतात की.

लायनरवाली

चालतात ना. लायनर धरून ठेवणारी रेझीन असते, ती त्या ज्योतीने जळते. वरचा थर काचेसारखा चकचकीत होतो किंवा भुगा व्हायला लागतो. रिकामी गाडी शहरात थांबते. भरलेली गाडी उताराला थांबते का ते दोन महिन्यांत एखाद्याच दिवशी कळतं.

जुनापाना

मी स्वतः जाळलेत, ताई. तरुणपणी. पैसे नसायचे मालकाकडे. आता नाही करत.

कांदाएक्स्प्रेस

हब उघडलं. मिस्त्रींनाही बोलावलं होतं, ते आले, जरा नाराजीनेच. आधी हबची टोपी काढली. ती ग्रीसने काठोकाठ भरलेली, लाडू वळावा तशी. बाहेरचं बेरिंग बरं दिसतं. ग्रीस काळपट, करपल्याचा वास.

ड्रम आणि हब एकत्र ओढून काढलं तर मधली पोकळीसुद्धा ठासून भरलेली. सीलची ओठाची कड एका बाजूने झिजलीय, दुसऱ्या बाजूने नवीन आहे तशी. आतल्या बेरिंगच्या कपावर रोलर फिरल्याचा पट्टा आहे, तो सगळीकडे सारखा नाही. एका बाजूला रुंद आणि कडेला चढलेला, बरोबर समोरच्या बाजूला अरुंद आणि खाली उतरलेला. पुसण्याआधी फोटो काढून ठेवलाय.

डायलगेज

फोटोची गरज नाही, वर्णनातच उत्तर आहे. पट्टा तिरका आहे म्हणजे कप हबात तिरका बसलाय. सीलही त्यामुळेच एका अंगाने झिजलं, कारण हब तिरकं-तिरकं फिरत होतं.

आता कपाच्या मागे फिलर गेज (ठरावीक जाडीच्या मोजपत्त्या) घाल. हबच्या शोल्डरवर (आतल्या पायरीवर) कप सगळीकडे टेकलेला असेल तर सर्वांत पातळ पत्तीही जाता कामा नये. कप काढायच्या खाचांतून आत पोचता येतं.

कांदाएक्स्प्रेस

एका बाजूला ०.१५ मिमीची पत्ती सरळ आत गेली. समोरच्या बाजूला काहीच जात नाही.

कप ठोकून काढला. खाली हबच्या शोल्डरला एका ठिकाणी छन्नीचा घाव आहे. त्या घावाशेजारी धातूची कोर उठलेली, नखाला लागते, आणि तिचा माथा चकाकतोय, कशाने तरी चेपल्यासारखा. जुना कप काढताना छन्नी मारली होती, तेव्हाची. मिस्त्रींनी बोट फिरवलं, दोनदा फिरवलं, आणि काहीच बोलले नाहीत. मग पोऱ्याला चहा आणायला पाठवलं.

डायलगेज

हाच तुझा "नट गच्च असताना प्ले". नवा कप त्या कोरेवर टेकला. नट आवळला तेव्हा सगळं घट्ट वाटलं. गाडीचं ओझं आल्यावर ती मऊ कोर थोडी चेपली, कप सरकला, प्ले आला. पुन्हा आवळला, पुन्हा तिरक्या कपावर दाब, पुन्हा गरम. कोर पूर्ण चेपेपर्यंत हा खेळ चालू राहिला असता, आणि त्याआधीच बेरिंगने धरलं असतं.

आता पुढे:

कोर बारीक कानशीने काढ, शोल्डर सपाट कर, शोल्डर खाऊ नकोस. किस हबात राहू देऊ नकोस. स्टब एक्सलचा (ज्यावर हब फिरतं त्याचा) दांडा स्वच्छ पुसून उजेडात बघ. बेरिंग बसतं तिथे निळसर झाक असेल तर दांडा जास्त तापलाय, तो न तपासता वापरायचा नाही. सील फिरते त्या रिंगवर नख अडकेल अशी खाच असेल तर नवी सीलही महिनाभरच टिकेल, रिंग बदल.

बेरिंग नवं घे, कोन (रोलरांसकट आतली रिंग) आणि कप दोन्ही. एकाचा कोन आणि दुसऱ्याचा कप अशी सोयरीक जुळवू नकोस.

जुनापाना

कप बसवायची माझी पद्धत. कप रात्रभर फ्रीजरमध्ये, हब उन्हात. सकाळी कप अर्धा आपोआप उतरतो. मग पितळेचा गज घेऊन आळीपाळीने चारी बाजूंना ठोकायचं, एकाच जागी नाही. आधी आवाज ठक ठक येतो. कप शोल्डरला टेकला की आवाज बदलतो, टण्ण. चारी बाजूंना टण्ण आला की थांब. पोलादी छन्नीने कपाच्या कडेला मारू नकोस, टवका उडाला तर डोळा जातो.

ग्रीस. चेसिसला मारायचं ग्रीस हबात घालू नकोस, ब्रेकच्या तापाला ते पातळ होऊन वाहतं. लिथियमचं एमपी ३ आण. जुनं ग्रीस रॉकेल-डिझेलने पूर्ण धुऊन, सुकवून मग नवं. दोन जातींची ग्रीस मिसळली की कधीकधी ताकासारखी पातळ होतात. बेरिंग तळहातावर ग्रीस घेऊन रोलरांच्या मधून वर येईपर्यंत दाबून भरायचं. पोकळीत अर्ध्यापेक्षा कमी. टोपी जवळजवळ रिकामी. लोकांना वाटतं जास्त ग्रीस म्हणजे जास्त काळजी. जास्त ग्रीस घुसळून तापतं आणि सील फोडून लायनरवर येतं.

डायलगेज

आवाजाची परीक्षा चांगली, पण शेवटी फिलर गेजने एकदा बघच. कान थकतात.

नटाचं: चाक फिरवत-फिरवतच आवळायचं, दोन्ही दिशांना, म्हणजे रोलर आपल्या जागी येतात. जड लागेपर्यंत आवळ. मग साधारण पाव फेऱ्याच्या आत मागे घे आणि प्ले मोज. डायल गेज हबवर लाव, टोक स्टबच्या तोंडावर टेकव, हब आत-बाहेर ओढ. ०.०३ ते ०.१२ मिमीच्या दरम्यान काटा हलला पाहिजे. शून्य असेल तर चांगलं वाटतं, पण ते चांगलं नाही. तापल्यावर धातू फुगतो आणि तो प्ले संपतो. तुझ्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धर.

गेज नसेल तर पुण्याला ये, माझं नाव त्यासाठीच ठेवलंय.

कांदाएक्स्प्रेस

आईने रात्री फ्रीजर उघडला आणि श्रीखंडाच्या डब्याशेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत लोखंडाचे दोन गोल बघून जे काही बोलली ते इथे लिहीत नाही.

गेज नाशिकच्या एका मित्राकडून आणलं. पहिल्यांदा नट बसवला तर काटा शून्यावर, मिस्त्री म्हणाले "मस्त." नट थोडा मागे घेतला, काटा ०.०८ वर. मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने हब हलवून बघितलं, त्यांना हालचाल जाणवली नाही, काट्यावर दिसली. मग तेच म्हणाले, उजवंही उघडूया. उजवं ०.०५ होतं. ते नशिबाने जमलेलं.

लायनर चारही एकाच मालाचे घेतले. ड्रम पुन्हा बसवताना नव्या लायनरवर अडकत होता.

लायनरवाली

ड्रमच्या आतल्या कडेला झिजेने ओठ उठला असेल तर नव्या जाड लायनरवर तो अडकतो. हातोडीने ठोकून बसवू नका. लेथवर कड काढून घ्या. ड्रमवर कमाल व्यास ओतलेला असतो. तिथपर्यंत पोचला असेल तर लेथ नाही, नवा ड्रम. आणि एका बाजूचा ड्रम जास्त कातला तर दुसऱ्या बाजूलाही बघा. नवा ड्रम घेतलात तर आतलं गंज न लागण्यासाठी लावलेलं तेल थिनरने पुसा, नाहीतर नवे लायनर पहिल्याच दिवशी तेल पितील.

कांदाएक्स्प्रेस

ओठच होता. लेथवर दोन्ही काढून घेतले, कमाल व्यासाच्या बरेच आत आहेत.

स्लॅक: गच्च होईपर्यंत आवळून मग थोडा मागे, लायनर घासण्याचा आवाज जाईपर्यंत. स्ट्रोक डावा ३७, उजवा ३६. शू पसरवणाऱ्या कॅम शाफ्टच्या बुशात ग्रीस मारलं, ब्रेक सोडला की पुशरॉड झटकन परत येतो.

पुशरॉड

हे आकडे छान. नवे लायनर बसले की स्ट्रोक वाढेल, आठवड्याने पुन्हा मोज. आणि जाता जाता: पुढचे चेंबर साधे आहेत म्हणून तुम्ही तिथे बिनधास्त काम केलंत. मागच्या स्प्रिंग ब्रेकच्या चेंबरला असा हात घालू नका. आतली स्प्रिंग दाबलेली असते, केजिंग बोल्टने (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या बोल्टने) बांधल्याशिवाय क्लॅम्प सोडला तर माणूस मरतो.

स्टेपनी

टो-इन (पुढची चाकं समोरून किती आत वळलेली ते) बघितलं का? किंगपिन बदललीस तर टायर खाईल.

जुनापाना

स्टेपनीने आज कामाचं विचारलं.

कांदाएक्स्प्रेस

टो-इन करून घेतलं. काल वाशीची फेरी झाली. रिकामी असताना चाचणी घेतली आणि मगच कांदा भरला. घोटीला थर्मामीटर लावला: डावी टोपी ५२ अंश, उजवी ५०. कसारा गियरमध्ये उतरलो, खाली ब्रेक मारून बघितला, स्टिअरिंगवरचा एक हात काढून. सरळ थांबली.

जुनापाना

हात काढायची गरज नव्हती. शंभर किलोमीटरनंतर व्हीलनट पुन्हा आवळलेस का?

कांदाएक्स्प्रेस

आत्ता आवळले, काका. डावीकडचे दोन पाव-पाव फेरा गेले.